विष आधी कुणाच्या अंगात जातं?

1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्यातून 12 कंटेनर पोलीस बंदोबस्तात निघाले आणि पहाटे इंदूरजवळच्या पीथमपूरला, तिथल्या भट्टीत जाळण्यासाठी, पोचले. आत 337 टन कचरा होता. तेव्हापासून इंदूरमध्ये जो वाद सुरू झाला तो जूनअखेर कचरा जळून संपेपर्यंत चालला, आणि उरलेल्या राखेचं काय करायचं यावरून पुढेही धुमसत राहिला. रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत मराठी घरांतही दोन तट पडले. एक तट म्हणे, भोपाळने चाळीस वर्षं सांभाळलेलं विष आता आपल्या उशाशी आणून ठेवलं, इंदूरला पाणी पुरवणाऱ्या यशवंत सागर तलावाचं पाणी यापुढे प्यायचं कसं? दुसरा म्हणे, चाळीस वर्षांनी त्या कचऱ्यात उरलंय काय, लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते घाबरतात. हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या ठिकाणी उभं राहून घातला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांनीही एकच प्रश्न विचारला : ते आपल्यापर्यंत येईल का? विषारी पदार्थाबद्दल त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तो पदार्थ सर्वांत आधी कुणाच्या अंगात जातो? या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच येतं : जो तो हाताळतो त्याच्या, म्हणजे कामगाराच्या. शहर वाचवायचं असेल तर कारखान्याच्या कुंपणाच्या आतल्या माणसापासून सुरुवात करावी लागते. सहा महिन्यांच्या त्या वादात या माणसाबद्दल कुणी काही बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

विरोध करणाऱ्यांची बाजू आधी घेतो, कारण तिच्यात जोर आहे. त्यांना 'अडाणी' म्हणणं हा अन्याय होता. त्या 337 टनांत 162 टन दूषित माती होती, 92 टन सेविन हे कीटकनाशक आणि ते बनवायला लागणारं नॅफ्थॉल यांचे अवशेष होते, 54 टन अर्धवट बनलेली कीटकनाशकं आणि 29 टन रिॲक्टरमधला गाळ होता. क्लोरीन असलेली संयुगं नीट तापमान न राखता जाळली तर डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगं तयार होतात, हे रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. सरकारी बाजूने सांगितलं जात होतं की धुराची मोजणी चोवीस तास होणार आहे. पण अशी सततची मोजणी कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड यांची होते. डायॉक्सिन असे मोजता येत नाहीत. त्यांच्यासाठी चिमणीतून नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि निकाल मागाहून येतो. ज्या क्षणी धूर बाहेर पडतो त्या क्षणी त्यात ते किती आहेत हे कुणालाच माहीत नसतं. मग भट्टीला लागून असलेल्या तारपुरा गावातल्या माणसाने शंका घेतली तर त्यात अडाणीपणा कुठला? शिवाय हे लोक भोपाळ विसरलेले नाहीत. तिथेही सगळं सुरक्षित असल्याचंच सांगितलं गेलं होतं. राजकुमार केसवानी या पत्रकाराने 1982 पासून लिहून लिहून इशारा दिला होता आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ज्या राज्यात असा इतिहास घडलाय तिथे 'विश्वास ठेवा' हा युक्तिवाद पुरत नाही.

दुसऱ्या बाजूचंही खरं आहे. कचरा भोपाळच्या गोदामात तसाच ठेवणं हा काही सुरक्षित पर्याय नव्हता. 2012 मध्ये तो जर्मनीला पाठवण्याची बोलणी झाली आणि फिसकटली. 2015 मध्ये पीथमपुरातच 10 टनांची चाचणी झाली. उच्च न्यायालयाने 3 डिसेंबर 2024 ला, दुर्घटनेला चाळीस वर्षं पूर्ण होत असताना, चार आठवड्यांची मुदत दिली तेव्हा कुठे कंटेनर हलले. त्यानंतर एकदम भट्टी पेटवली गेली नाही. आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या : ताशी 135 किलो, मग 180, मग 270. हा सावधपणा लोकांच्या दबावामुळे आला, असं विरोधक म्हणतात, आणि मी ते मान्य करतो. जाळणं ही या प्रकारच्या कचऱ्यासाठी जगभर मान्य असलेली पद्धत आहे, असं समर्थक म्हणतात, तेही मान्य करतो. उरलेली राख चुना वगैरे मिसळून मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली, ती कुठे पुरायची हा प्रश्न राहिला, आणि तो पुढे कोर्टात गेला. म्हणजे या वादात खोटं बोलणारे फारसे कुणी नव्हते. अर्ध्या सत्याचे दोन तुकडे समोरासमोर उभे होते.

पण भोपाळचाच दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. भोपाळ 2 डिसेंबर 1984 च्या रात्री सुरू झालं, असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. डिसेंबर 1981 मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूच्या गळतीत अश्रफ खान हा कामगार मेला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1982 मध्ये, पुन्हा फॉस्जीन गळलं आणि 24 कामगारांना इस्पितळात न्यावं लागलं. त्यानंतर एमआयसीची, म्हणजे 1984 मध्ये शहरावर आलेल्या मिथाइल आयसोसायनेटची, गळती झाली, तीतही कामगारच सापडले. शहरावर वायू यायच्या तीन वर्षं आधी तो कुंपणाच्या आत येऊन गेला होता आणि माणसं घेऊन गेला होता. तेव्हा भोपाळच्या बाजारात, न्यायालयात, विधानसभेत जर त्या एका मरणाची गंभीर चौकशी झाली असती, वाल्व्ह कुठला, देखभाल कुणाची, मुखवटे का नव्हते, हे विचारलं गेलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण टळण्याची जी एकमेव संधी होती ती तीच होती. ती का गेली? कारण मेलेला माणूस कामगार होता, आणि कामगाराचं कामावर मरणं हा शहराचा प्रश्न मानायची आपल्याकडे रीत नाही.

ही गोष्ट भोपाळपुरती नाही. इटलीतल्या मोडेना इथल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने 1700 मध्येच सांगून ठेवलं होतं की रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत एकाची भर घाला : तू काम काय करतोस? तीनशे वर्षं उलटली. आपल्या सरकारी दवाखान्याच्या केस पेपरवर 'व्यवसाय' हा रकाना असतो आणि त्यात लिहिलेलं असतं 'मजूर'. कसला मजूर? दगड फोडणारा, बॅटऱ्या वितळवणारा, रंगाच्या हौदाशी उभा राहणारा, का शेतात फवारणी करणारा? यातल्या प्रत्येकाच्या खोकल्याचं कारण वेगळं असतं. 1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या आपापसांतल्या बोलण्यातून लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच मुलं होत नाहीयेत. तपासणी झाली आणि डीबीसीपी नावाचं रसायन पुरुषांना वंध्य करतं हे उघड झालं. दोन वर्षांत अमेरिकेत त्याचा जवळजवळ सगळा वापर थांबवला गेला. तोवर ते शेतांतून मुरून पिण्याच्या पाण्याच्या विहिरींतही पोचलेलं होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही खुणा आधीच्या काळात दिसल्या होत्या, पण पावलं उचलली गेली ती कामगार बोलले तेव्हा. त्यांचं शरीर हाच सर्वांत आधी वाजलेला भोंगा होता. तो ऐकणारं कुणी होतं म्हणून इतर लोक वाचले.

आता युनियन कार्बाइड या नावाचीच एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या वादात या नावाचा अर्थ फक्त 'वायू' असा झाला. 1930 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, गॉली ब्रिज गावाजवळ, या कंपनीच्या उपकंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी डोंगरातून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला गेला. हॉक्स नेस्ट बोगदा. डोंगर गारगोटीचा निघाला, काही भागांत जवळजवळ शुद्ध सिलिका. ती कंपनीच्या धातू कारखान्याला हवीच होती. पाणी मारून छिद्रं पाडली असती तर धूळ दबली असती, पण काम संथ झालं असतं. म्हणून छिद्रं कोरडी पाडली. आत काम करणारे बहुतेक दक्षिणेकडून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. बोगद्यात ते काही महिनेच टिकायचे. दम लागला की काम सुटायचं, मग ते घरी जायचे नाहीतर तिथेच मरायचे. 1936 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली तेव्हा 109 मृत्यू मान्य केले गेले. पुढच्या काळातल्या अभ्यासाने हा आकडा किमान 764 असावा असा अंदाज केला. सिलिकाची बारीक भुकटी फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जाते. तिथल्या संरक्षक पेशी तिला गिळतात आणि स्वतः मरतात, त्या जागी व्रण धरतो, मग तो व्रण पसरत जातो. धूळ बंद झाली तरी पसरणं थांबत नाही. हा रोग म्हणजे सिलिकोसिस. त्यावर आजही औषध नाही.

हे नव्वद वर्षांपूर्वीचं आणि सात समुद्रांपलीकडचं वाटत असेल तर इंदूरच्या गंगवाल बस स्टँडवर जाऊन उभं राहा. धार, झाबुआ, दाहोदकडे जाणाऱ्या गाड्या तिथूनच सुटतात. याच रस्त्यावरच्या झाबुआ, अलीराजपूर, धार जिल्ह्यांतले भिल्ल आणि भिलाला तरुण-तरुणी दुष्काळाच्या वर्षांत गुजरातेत गोध्रा आणि बालासिनोरच्या कारखान्यांत कामाला गेले. तिथे गारेचा दगड दळून काचेच्या कारखान्यांसाठी भुकटी केली जायची. पोती भरायची, शिवायची, गाडीत चढवायची, असं काम. मस्टरवर नाव नाही, हजेरीचा कागद नाही, मुकादमाच्या तोंडी हिशोबावर पगार. काही महिन्यांत माणसं धापा टाकत परत यायला लागली. गावाकडच्या दवाखान्यात टीबीची औषधं सुरू व्हायची, कारण छातीच्या फोटोत दोन्ही रोग वरवर सारखे दिसतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर धरतो. औषधांचा कोर्स पुरा व्हायचा, माणूस मात्र बरा व्हायचा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात 2006 मध्ये गेलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातलं. मे 2016 मध्ये न्यायालयाने गुजरात सरकारला 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि आजारी असलेल्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी मध्य प्रदेशावर टाकली. दहा वर्षं लागली. सिलिकोसिसच्या रोग्याकडे दहा वर्षं असतात का?

हॉक्स नेस्ट आणि गोध्रा यांच्यातलं साम्य नुसतं धुळीत नाही. दोन्हीकडे माणसं लांबून आणली होती, दोन्हीकडे ती थोडे दिवस राबली आणि रोग कामाच्या जागेवर दिसायच्या आत घरी परतली. कारखान्याच्या हिशोबात रोगी नाहीत, कारण रोगी कारखान्यात नाहीत. गावाच्या हिशोबात कारखाना नाही, कारण कारखाना दुसऱ्या राज्यात आहे. असं विष कुठल्याही मोर्चात सापडत नाही. त्याच्यासाठी बारा कंटेनर लागत नाहीत. ते माणसाच्या छातीत बसून एसटीने घरी येतं.

आणि आपण याच्यापासून लांब आहोत असं समजू नका. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवताना हातात जी पेन्सिल होती ती बऱ्याचदा आपल्याच माळव्यातल्या मंदसौरकडची असायची. तिथे पाटीचा दगड करवतीने कापून पेन्सिली काढत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या 593 कामगारांची तपासणी केली आणि 1985 मध्ये निष्कर्ष छापला. 54.6 टक्के लोकांना सिलिकोसिस. निम्म्याहून जास्त. राज्य सरकारने 1982 मध्ये स्लेट पेन्सिल कामगारांच्या कल्याणनिधीचा वेगळा कायदा केला होता, म्हणजे सरकारला याची कल्पना होती. किती मराठी शाळांतल्या पोरांनी ती पेन्सिल झिजवली, चघळली, मोडून फेकली, आणि शिक्षकांनी कधी सांगितलं का की ही कापणारा माणूस किती वर्षं जगतो? मी शिक्षकांना दोष देत नाही. त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही मी अनेकदा ऐकले आहेत आणि तिन्हींचा मान राखून उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप असा की ही तुलनाच गैर आहे. भोपाळमध्ये एका रात्रीत हजारो माणसं मेली, एकूण मृतांचा सरकारी आकडाच पाच हजारांवर जातो. दगडाच्या कारखान्यात कुणी असं एका रात्रीत मरत नाही. खरं आहे. आणि अचानक येणाऱ्या संकटाची भीती माणसाला जास्त वाटते, ते स्वाभाविक आहे. पण धोक्याचं मोजमाप त्याच्या आवाजावर करायचं का? पदार्थ किती विषारी आहे, माणसाच्या किती जवळ येतो, रोज किती तास आणि किती वर्षं येतो, या चार गोष्टींचा गुणाकार म्हणजे धोका. पीथमपूरच्या भट्टीपासून दहा किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेली मात्रा आणि भुकटीच्या पोत्यावर वाकलेल्या माणसाच्या वाट्याला येणारी मात्रा यांची तुलनाही होऊ शकत नाही. पहिल्यासाठी तीन चाचण्या झाल्या, उच्च न्यायालयाने लक्ष ठेवलं, वर्तमानपत्रांनी रोज आकडे छापले. हे सगळं योग्यच झालं. दुसऱ्यासाठी साधा धूळ मोजायचा पंपही कुणी लावत नाही, हे योग्य आहे का?

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. नियम कडक केले की छोटे कारखाने बंद पडतात. झाबुआचा माणूस गोध्र्याला मरायला गेला नव्हता, शेत वाळलं म्हणून गेला होता. काम बंद करून त्याला काय देणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी निष्ठुर म्हणणार नाही. पण या आक्षेपामागे एक गृहीत आहे : धूळ आणि रोजगार एकमेकांपासून सुटे होऊच शकत नाहीत. ते खोटं आहे. हॉक्स नेस्टमध्येही पाणी मारून खणता आलं असतं. दळणारं यंत्र बंदिस्त करता येतं, धूळ उठते त्याच जागी ती शोषणारी नळी बसवता येते, पोतं हाताने भरण्याऐवजी बंद नळीतून भरता येतं. यात कुठलंही परदेशी तंत्रज्ञान नाही, नुसता खर्च आहे, आणि तो खर्च आज कामगार आपल्या फुप्फुसाने भरतो. मालाची किंमत दोन पैशांनी वाढू नये म्हणून एका माणसाचं तीस वर्षांचं आयुष्य कमी होऊ द्यायचं, हा सौदा कामगाराने केलेलाच नाही. त्याला धुळीत काय आहे हे सांगितलंच गेलं नव्हतं. जे माहीत नाही त्याला संमती कशी देणार?

तिसरा आक्षेप : हे गुजरातचं प्रकरण आहे, फार तर झाबुआच्या कलेक्टरचं, त्यात इंदूरने काय करायचं? याचं उत्तर द्यायला मला गोध्र्याला जायची गरज नाही. इंदूरमधल्या कुठल्याही नव्या इमारतीत, किंवा आपल्याच घरात स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बसवताना, काय होतं ते पाहा. एक विशीतला मुलगा बाल्कनीत बसून ग्राइंडरने ग्रॅनाइट कापतो. तोंडाला रुमाल. आपण दारं लावून घेतो, पडदे झाकतो, शेजारी तक्रार करतात की धूळ आली. संध्याकाळी तो मुलगा भुवयांपर्यंत पांढरा झालेला असतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर असते, आणि हल्ली ज्याची चलती आहे त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यात तर 90 टक्क्यांहूनही जास्त असू शकते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली, कारण तो कापणारे तरुण कारागीर सिलिकोसिसने आजारी पडू लागले होते. रुमालाने जी धूळ अडते ती मोठी, दिसणारी. फुप्फुसाच्या टोकाला जाणारे कण इतके बारीक की कापडाच्या विणीतून आरपार जातात. पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीचशी खाली बसते. एक नळी, एक बादली आणि कापायला थोडा जास्त वेळ. ज्या घरात कार्बाइडच्या धुरावर तावातावाने चर्चा झाली त्याच घरात ठेकेदाराला 'कोरडं कापू नका' असं सांगणारं कुणी नव्हतं, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. हे त्यांना माहीतच नव्हतं. ते माहीत नसणं हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे.

पीथमपूरबद्दल आणखी एक गोष्ट. ते कामगारांचंच गाव आहे. 3 जानेवारी 2025 ला तिथे बंद पाळला गेला, दोघांनी अंगावर पेटवून घेण्याचा प्रयत्न केला, दगडफेक झाली. त्या गर्दीत दिवसभर पत्रा कापणारे, रंग फवारणारे, सॉल्व्हंटची पिंपं हलवणारे किती असतील? त्यांनी मोर्चा काढला तो रहिवासी म्हणून. आपल्या मुलांच्या श्वासासाठी ते रस्त्यावर उतरले. आपल्या स्वतःच्या, शिफ्टमधल्या श्वासासाठी उतरण्याची सोय त्यांना कुणी ठेवलेली नाही. त्यातला बहुतेक माणूस ठेक्यावर आहे, बोलला तर उद्यापासून गेटवर उभा. ज्याच्या शरीरात धोका सर्वांत आधी उमटतो त्याचंच तोंड बंद असेल, तर शहराला इशारा मिळणार कुठून?

म्हणून माझी मागणी नोंदीची आहे. ती ऐकायला फार छोटी वाटते, मोर्च्यात तिच्या घोषणा होऊ शकत नाहीत. पण गोध्र्याचे खटले ज्या गोष्टीमुळे वर्षानुवर्षं अडले ती गोष्ट म्हणजे कागद नसणं. अमुक माणूस अमुक कारखान्यात होता हेच सिद्ध करता येत नव्हतं. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं : धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला आणि आसपासच्या लोकांना द्यायची, कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्याला त्या पाहू द्यायच्या. सिलिकोसिसचा रोगी आढळला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकाला कळवणं त्या कायद्याने बंधनकारकच होतं. किती डॉक्टरांना हे कधी शिकवलं गेलं? 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर गेली. दगडाचे, रंगाचे, बॅटऱ्यांचे कितीतरी गाळे या दोन आकड्यांच्या मधले आहेत. धोक्याच्या कामासाठी कामगारांच्या संख्येची अट न ठेवता अधिसूचना काढण्याचा अधिकार सरकारला त्याच संहितेत आहे. सिलिकाच्या प्रत्येक कामासाठी, मग कामगार एकच का असेना, तो वापरला गेला पाहिजे. आणि हे जमण्यासारखं आहे. शेजारच्या राजस्थानने 2019 मध्ये न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे धुळीने होणाऱ्या सिलिकोसिससारख्या फुप्फुसाच्या रोगांचं, स्वतंत्र धोरण आणलं, कामगाराला स्वतः नोंदणी करता येते, वैद्यकीय मंडळ तपासतं, प्रमाणपत्र मिळालं की मदत थेट खात्यात जाते. त्यात त्रुटी आहेत, दलाल आहेत, तक्रारी आहेत. पण रोग्याला आधी मालक शोधून आणायला लावत नाहीत, हा मोठाच फरक आहे. मध्य प्रदेशने, जिथे झाबुआ आणि मंदसौर दोन्ही आहेत, असं धोरण आधी करायला हवं होतं.

आता परत त्या 337 टनांकडे. तो कचरा गोदामातून कुणीतरी उचलला, पिशव्यांत भरला, कंटेनरमध्ये चढवला, पीथमपुरात उतरवला, चुना मिसळून भट्टीत सोडला, राख गोळा केली. चित्रांत ती माणसं दिसली : डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, चेहरा न दिसणारी. त्या माणसांचा रक्ताचा तपास आधी झाला का, नंतर झाला का, ते ठेक्यावर होते का कायम, आज कुठे आहेत, यावर इंदूरमध्ये सहा महिन्यांत एकही सभा झालेली मी ऐकली नाही. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की त्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षं जपून ठेवावी, कारण ॲस्बेस्टॉसचा कर्करोग तितका उशिरा दिसू शकतो. तोच नियम भोपाळचा कचरा हाताळणाऱ्यांना लावला तर त्यांची वही 2065 पर्यंत राहिली पाहिजे. ती वही आहे का, असल्यास कंपनीकडे आहे, प्रदूषण मंडळाकडे आहे का कामगार खात्याकडे, आणि ठेकेदार बदलला की ती कुणाच्या ताब्यात जाते, याचं लेखी उत्तर माहितीच्या अधिकारात मागता येतं. यशवंत सागरच्या पाण्यासाठी ज्यांनी अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या, त्यांनी पुढचा अर्ज या वहीसाठी लिहावा.